चेंबरचा नट, मुलतानी माती आणि आमचा पोर्च

चूक माझीच झाली, ती आधी सांगून टाकते.

एप्रिलच्या शेवटी मामेबहिणीच्या मुलीचं लग्न यवतमाळला होतं. गाडी नुकतीच सर्व्हिसिंग होऊन आली होती, पण त्या उन्हात तीन तास गाडी चालवायची नवऱ्याची तयारी नव्हती, म्हणून एसटीनं गेलो. चार दिवसांनी भर दुपारी परत आलो. फाटक उघडलं तर गाडीखाली काहीतरी चकाकत होतं. म्हटलं, एसीचं पाणी गळलं असेल. चार दिवस बंद उभ्या असलेल्या गाडीतून एसीचं पाणी कुठून येणार? आलं असतं तरी नागपूरच्या एप्रिलमध्ये ते दहा मिनिटं तरी टिकलं असतं का? पोस्टाच्या काउंटरवर पंचवीस वर्षं पैशापैशाचा हिशेब जुळवणाऱ्या बाईच्या डोक्यात हे यायला हवं होतं. नाही आलं. उलट पोर्च तव्यासारखा तापला होता, पायाला चटके बसत होते, म्हणून मी टाकीतून बादलीभर पाणी काढलं आणि सगळीकडे ओतलं.

पाण्यावर रंग उमटले. जांभळा, हिरवा, सोनेरी. तेव्हा कुठे लक्षात आलं की ते इंजिन ऑइल आहे, आणि ताटाएवढा डाग मी एका बादलीत परातीएवढा करून ठेवला आहे. आपल्याकडे तर्री पोह्यांची प्लेट समोर आली की पोह्याच्या कडेनं तर्री कशी सरकत जाते, तसं ते तेल पाण्यावर स्वार होऊन पार तुळशीवृंदावनापर्यंत गेलं.

माझे बाबा असते तर कपाळावर हात मारला असता. बाबा हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये होते. एसटीच्या बसगाड्या जिथे बांधतात, मोठी दुरुस्ती करतात ते मध्यवर्ती वर्कशॉप. पुण्याकडे दापोडीला एक, तिकडे चिकलठाण्याला एक आणि आपल्याकडे हिंगण्याला एक. खाकी कपडे, नखांत कायमची काळी रेघ. त्यांच्या खात्यात जमिनीवर तेल सांडलं की पाण्याला कोणी हात लावायचं नाही. डब्यातला लाकडाचा भुसा त्यावर टाकायचा, बुटानं दाबायचा, झाडून घ्यायचा, परत टाकायचा. घरी आल्यावर हातही तसेच धुवायचे. आधी कोरडा भुसा चोळायचा, मग साबण, आणि पाणी सगळ्यात शेवटी. 'पहिले सुकं, मंग ओलं,' हे त्यांचं वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं आहे की ते कानातून आत गेलंच नाही बहुतेक.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं आणि पाण्यात मिसळत नाही, हे शाळेत सगळेच शिकतात. मात्र त्याचा पोर्चमधला अर्थ असा की पाणी ओतलं की तेल निघत नाही, फक्त फिरायला निघतं. आणि सिमेंट वरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी आतून ते स्पंजासारखं, बारीक बारीक छिद्रांचं असतं. दिव्याच्या वातीत तेल जसं आपोआप चढतं, तसंच ते या छिद्रांतून आत उतरतं. त्यात आमचा उन्हाळा. तापलेलं तेल पातळ होतं, पातळ तेल जास्त खोल जातं. पुण्यामुंबईच्या डागापेक्षा नागपूरचा एप्रिलमधला डाग जास्त मुरतो, असं मी पैजेवर म्हणेन.

आमचं घर त्रिमूर्तीनगरच्या बाजूला, १९९६ मध्ये बांधलेलं. पोर्चला आयपीएसची जमीन. आयपीएस म्हणजे पोलीसवाले नाही, इंडियन पेटंट स्टोन. त्या काळी सगळे हेच करायचे: काँक्रीटचा थर, वर सिमेंटची घोटाई आणि गवंड्यानं दोरी दाबून पाडलेले चौकोन. घोटाई चांगली असली की तीस वर्षं काही होत नाही. फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जो उतार आहे, त्याला मात्र आठ-दहा वर्षांपूर्वी गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, बसवले. आणि घरात शिरायच्या दोन पायऱ्या कोट्याच्या, म्हणजे कोटा फरशीच्या. म्हणजे एकाच तेलाला आमच्याकडे तीन प्रकारची जमीन मिळाली, आणि तिन्ही ठिकाणी ते वेगवेगळं वागलं.

पण डाग काढायच्या आधी गळती थांबवायला हवी. आम्ही दुसऱ्या दिवशी डाग घासत बसलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी नवीन थेंब. मग मेकॅनिक दादांना फोन केला. ते म्हणाले, 'ताई, आज रात्री गाडीखाली मोठा खोका फाडून पसरवा. सकाळी बघू थेंब कुठं पडून राहिले ते.' कूलरचा खोका गच्चीवर होताच. सकाळी त्यावर रुपयाएवढे तीन तपकिरी गोल. रंगावरूनही कळतं म्हणे. तपकिरी-काळं म्हणजे इंजिन ऑइल, लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंगचं किंवा गिअरचं, हिरवं नाहीतर गुलाबी आणि बोटाला चिकचिकीत लागलं तर रेडिएटरचं कूलंट. साधं पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नको. दादा गाडीखाली शिरले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, नटाचा वायसर (वॉशर). ऑइल बदलताना चेंबरच्या तळाचा नट काढून जुनं ऑइल सोडतात, तेव्हा नटाखालचा तो मऊ धातूचा वायसर दर वेळी नवीन टाकायचा असतो. तो एकदा दाबला गेला की त्याचं काम संपलं. आमच्या सर्व्हिसिंगवाल्यांनी जुनाच परत लावला होता. बिलात मात्र 'वॉशर' अशी ओळ होती, ती मी नंतर चष्मा लावून वाचली. भांडायला गेले का? गेले. त्यांनी चहा पाजला. सोडा तो विषय.

तर भुसा. नागपुरात भुसा पाहिजे म्हणजे लकडगंज. तिथे आरा मशीनच्या समोर गोण्या भरून ठेवलेल्या असतात. नवऱ्यानं स्कूटरवर एक गोणी आणली, पुढं पायाशी ठेवून. पूर्ण डागावर बोटभर थर पसरला, जुनी चप्पल घालून दाबत दाबत फिरले आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी खालचा भुसा काळपट आणि जड झाला होता, वरचा कोरडाच. झाडून घेतला, परत टाकला. तीन वेळा केल्यावर चौथ्या खेपेला भुसा कोरडाच निघाला, म्हणजे वरवरचं तेल संपलं. इथपर्यंत पाण्याचा थेंबही वापरायचा नाही. लगेच हाताशी भुसा नसेल तर कोरडी माती, विटांचा चुरा, चुलीची गार राख, काहीही चालतं. शेजारचे काका म्हणाले, कोराडीची राख आणून देतो. औष्णिक वीज केंद्राची ती राख इतकी बारीक असते की अंगणात पसरली तर आधी आमच्या फुप्फुसांत जाईल, म्हणून नको म्हटलं.

भुशाचा एक धडा मिळाला तोही सांगते. गोणीत सागवानाचा भुसा होता. शेवटच्या रात्री अवकाळी पावसाचे चार थेंब आले आणि कडेला सांडलेला भुसा ओला झाला. सकाळी तिथे चहा सांडल्यासारखे लालसर तपकिरी डाग. ओल्या सागाचा रंग सिमेंटवर उतरतो, हे मला माहीत नव्हतं. तेलाचा एक डाग काढायला गेले आणि लाकडाचे सहा लावून बसले. ते पुढे उन्हापावसानं आपोआप फिके झाले. भुसा घेताना साध्या पांढऱ्या लाकडाचा मागा, आणि ढगाळ असेल तर उचलून घ्या.

आता मुरलेलं तेल. इथे घरात दोन पक्ष पडले.

सासूबाईंचा पक्ष धुण्याच्या सोड्याचा. त्यांचं म्हणणं, महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला मागच्या अंगणात मोठी कढई लागते, तेव्हा फोडणीचं तेल सांडतं आणि गरम पाणी व सोड्यानं ते साफ निघतं, मग हे का निघणार नाही? त्यांचा अनुभव खराच आहे. पण खाण्याचं तेल आणि इंजिनचं तेल ही दोन वेगळी कुळं. खाण्याच्या तेलातुपाचा सोड्यासारख्या अल्कलीशी संयोग झाला की हळूहळू साबण तयार होतो. पूर्वी लोक घरी साबण करायचे तो याच तत्त्वावर. म्हणून फोडणीचं तेल स्वतःच साबण होऊन निघून जातं. इंजिन ऑइल हे जमिनीतून काढलेलं खनिज तेल, त्याचा साबण होत नाही. सोड्यानं त्याची पकड थोडी ढिली होते, बस. ते पाण्यासोबत न्यायचं असेल तर डिटर्जंट लागतं, ज्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. म्हणून आम्ही दोन्ही एकत्र केलं. कपडे धुण्याची साधी पावडर कोरडीच डागावर पसरली, मूठभर सोडा, वरून पातेलंभर उकळतं पाणी, एवढंच की चिखल होईल. अर्धा तास ठेवलं. मग कडक प्लास्टिकच्या ब्रशनं गोल गोल घासलं. तारेचा ब्रश वापरू नका. त्यानं घोटाई खरवडली जाते आणि तारेचे तुटलेले तुकडे राहिले तर पावसाळ्यात गंजाचे ठिपके येतात.

जवसाचं तेल असेल तर गोष्ट आणखी वेगळी. माझ्या माहेरी कोणीतरी दाराला लावायला जवसाचं तेल आणलं होतं, ते ओट्यावर सांडलं आणि कोणी पुसलं नाही. आठवडाभरात त्याचा वार्निशसारखा पापुद्रा झाला. जवसाचं तेल हवेनं घट्ट होत जातं. ते खरवडूनच काढावं लागतं. त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नसतात, आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाबा तशी फडकी दोरीवर सुटी वाळत घालायचे. आम्हाला वाटायचं, हा त्यांचा विक्षिप्तपणा.

सोडा-पावडरनं डाग निम्म्यावर आला. काळ्याचा करडा झाला. सासूबाई म्हणाल्या, 'पाहा, म्हटलं होतं ना!' आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रविवारी धाकटे दीर आले.

दिरांचा पक्ष ॲसिडचा. हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुवायला जे पिवळसर ॲसिड बाटलीत मिळतं, ते. 'वैनी, दोन मिनिटाचं काम आहे, तुम्ही कायले घासून राहिल्या?' मी नको म्हणेपर्यंत झाकण उघडलं होतं. जमिनीवर पडताच फसफसून पांढरा फेस आला. सगळ्यांना वाटलं, काय जोरात काम करून राहिलं! घशात खवखव सुरू झाली, सासूबाई पदर नाकाला लावून आत गेल्या. फेस बसला, धुतलं, आणि बघितलं तर डाग जागच्या जागी, फक्त आता त्याच्या भोवतीची घोटाई खाल्ली जाऊन बारीक खडी दिसायला लागलेली. ते ॲसिड सिमेंटमधल्या चुन्यावर तुटून पडतं, तेलाशी त्याचं काहीच देणंघेणं नाही. फसफसत होतं ते आमचं १९९६ सालचं सिमेंट. दोन शिंतोडे कोट्याच्या पायरीवर उडाले, तिथे पॉलिश गेली ती गेलीच. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीच्याच जातीचे, त्यांच्याजवळ ॲसिड आणूच नका. आणि एक, हे मी ओरडून सांगते: ॲसिडवर ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकायची नाही. दीर त्याच बेतात होते. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि मग डागाऐवजी माणसं उचलावी लागतात. मी बाटली हिसकावून घेतली. जेवायला मात्र वाढलं, पाटवडीचा रस्सा केला होता.

यानंतर मी कामाची सूत्रं हातात घेतली. डागाच्या खाली जे शिरलं आहे ते वरून घासून निघणार नाही, त्याला आतून वर बोलवावं लागेल. माती आणि द्रावकाचा लेप, दगडी कामाचे कारागीर हेच करतात. आपण फोडावर पोटीस बांधतो ना, तसंच. शोषून घेणारी बारीक पावडर, त्यात तेल विरघळवणारं काहीतरी, याचा घट्ट लेप. द्रावक आत उतरतं, मुरलेल्या तेलाला पातळ करतं. मग लेप वरून वाळायला लागला की द्रावक वर वर खेचलं जातं आणि येताना तेलाला सोबत घेऊन येतं. दिव्याची वात आत ओढते, इथे तीच वात उलटी लावायची.

पावडर कुठली? मुलतानी माती. हसू नका. ही माती चेहऱ्याला लावायच्या कितीतरी आधीपासून माणसं लोकरीतला तेलकटपणा काढायला वापरत आली आहेत. इंग्रजीत तिचं नावच लोकर धुणाऱ्यांच्या धंद्यावरून पडलं. इतवारीत सुटी मिळते, ढेकळांत. दुकानदारानं विचारलं, 'ताई, दोन किलो? पार्लर टाकलं का?' म्हटलं, हो, गाडीसाठी.

द्रावक म्हणून पूर्वी घरोघरी रॉकेल असायचं. रेशनचं रॉकेल घरात येणं बंद झालं त्याला किती वर्षं झाली! मग रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन आणलं, ज्याला आपण नुसतं टर्पिन म्हणतो. पेट्रोल नको म्हणजे नको. आणि टर्पिनच्या बाबतीतही नागपूरकरांसाठी वेगळी सूचना. त्याची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांच्या आसपास ठिणगीनं पेट घेऊ शकते. बाकी ठिकाणी लोक हे वाचून पुढे जातील. आपल्याकडे मेमध्ये सावलीतच ४४ असतं, आणि सिमेंट त्याहून तापलेलं. म्हणून मी हे सगळं पहाटे पाचला केलं, पोर्च जरा निवलेला असताना. फाटक सताड उघडं, पोर्चकडचा कूलर बंद, आतल्या देवघराचं दार लावलेलं, आणि शेजारच्या काकांना हात जोडून विनंती की तुमची सकाळची बिडी आज तिकडच्या अंगणात.

लेप श्रीखंडाएवढा घट्ट कालवला. लोखंडी घमेल्यात, थापीनं. डागावर अर्धा इंच जाड थापला, डागाच्या बाहेर चार बोटं जास्त, नाहीतर कडेला तेलाची रेघ राहते. वर प्लास्टिकची पन्नी पसरून कडांना विटा ठेवल्या. पन्नी आवश्यक, कारण आमच्या हवेत उघडा लेप तासाभरात वाळून भाकरीसारखा तडकतो आणि द्रावकाला आत उतरायला वेळच मिळत नाही. चोवीस तासांनी पन्नी काढली, मग दिवसभर वाळू दिला.

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर खाली बसून एक पोपडा उलथण्यानं उचलला. वरून फिकट बदामी, पापडासारखा. उलटा केला तर खालच्या बाजूला तपकिरी नकाशा. सिमेंटच्या ज्या बारीक भेगा मला एवढ्या वर्षांत कधी दिसल्या नव्हत्या, त्या सगळ्या त्या मातीवर उमटल्या होत्या, झाडाच्या पानाच्या शिरांसारख्या. जिथे भेग, तिथे गडद. गवंड्यानं दोरी दाबून पाडलेली चौकोनाची रेघ तर जवळजवळ काळी, कारण सगळ्यात जास्त तेल तिथेच लपलं होतं. मी नवऱ्याला हाक मारली, सासूबाईंना हाक मारली. दोघांनी पाहिलं आणि दोघं आपापल्या कामाला निघून गेले. असो, ज्याचा त्याचा आनंद.

दुसरा लेप आठवड्यानं, तिसरा त्याच्या पुढच्या आठवड्यात. प्रत्येक वेळी नकाशा फिका होत गेला. तिसऱ्यानंतर डिटर्जंट आणि गरम पाण्यानं एकदा घासलं आणि पोर्च पाहण्यासारखा झाला. बरोबर मोजायचं तर दोन किलो माती, लिटरभर टर्पिन, तीन पहाटा, आणि गुडघ्यांना लावायला एक मलम.

तेल खाणारे जिवाणू टाकून पाहा, असं भाच्यानं सुचवलं होतं. कल्पना खोटी नाही. आनंद मोहन चक्रवर्ती या आपल्या माणसानं अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना तेल फस्त करणारा जिवाणू घडवला आणि त्याच्या पेटंटचा खटला तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८० मध्ये निकाल लागला, पाच विरुद्ध चार मतांनी, चक्रवर्तींच्या बाजूनं. सजीवाचं पेटंट मिळू शकतं, हे त्यातून ठरलं. आणि पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, आपली नीरी, तर इथेच नागपुरात, मी रोज तिच्या भिंतीजवळून जाते. पण जिवाणूंना ओलावा लागतो आणि आठवडेच्या आठवडे लागतात. आमच्या टँकरच्या मोसमात पोर्च महिनाभर ओला ठेवा, हे मी सासूबाईंना कुठल्या तोंडानं सांगू?

गट्टूंचं काम सगळ्यात सोपं निघालं. उतारावर पाण्यासोबत गेलेलं तेल चार-पाच गट्टूंत मुरलं होतं. गट्टू नुसते वाळूवर बसवलेले असतात. पेचकसानं एक उचकटला, बाकीचे हातानं निघाले. गच्चीवर उरलेले पडलेच होते, ते बसवले, फटीत वाळू झाडली. अर्धा तास. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की पोर्चलाही गट्टूच हवे होते.

तेल प्यालेला भुसा आणि मातीचे पोपडे यांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. बरेच जण पाइप लावून सगळं नालीत लोटतात. आपल्या नाल्यांचं पाणी फिरून फिरून नाग, पिवळी नाहीतर पोहरा नदीलाच मिळतं, पुढे कन्हान, मग वैनगंगा, आणि तिथे गोसेखुर्दचं धरण. म्हणजे माझ्या चेंबरचं तेल भंडाऱ्याच्या धानाला. मी घासलेलं पाणीसुद्धा फाटकाशी भुशाचा बांध घालून अडवलं आणि तो भुसा उचलला. सगळं जाड पिशवीत बांधून वर मार्करनं 'ऑइल' लिहिलं आणि कचरागाडीवाल्या दादाच्या हातात वेगळं दिलं. त्यानं पिशवी हलवून पाहिली. 'खायचं नाही ना ताई?' सुटं काळं ऑइल असेल तर ते मेकॅनिककडे द्यावं. ते ड्रममध्ये साठवतात, नेणारे येतात.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला तेव्हा मी छत्री घेऊन पोर्चच्या कडेला उभी राहिले. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यावर तर्री होतीच, वर्षभर सगळ्यांच्या गाड्यांनी सांडलेली. पहिल्या पावसात दुचाक्या घसरतात त्या यानंच. आमच्या फाटकातून निघणाऱ्या पाण्यावर मात्र रंग नव्हता. दोन ठिकाणी अगदी पुसट, नखाएवढा. तेवढा माफ.

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली, आणि त्यांच्या बैलांच्या चाकांनी पोर्चवर चिखलाच्या रेघा काढल्या. त्याच दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची नागपुरातली मिरवणूक. पिवळी आणि काळी निघाली की लोक ओरडतात ना, इडा पिडा घेऊन जा गे मारबत, तसं नवरा टीव्हीसमोर बसून ओरडला, 'वैनीचं टर्पिन घेऊन जा गे मारबत!' दिरांच्या तोंडचा 'वैनी' शब्द त्यानं मुद्दाम उचलला.

आणि मग महालक्ष्म्या. खरं तर एप्रिलपासून सासूबाईंची घाई यासाठीच होती. आमच्याकडे फाटकापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढतात, आणि तो डाग नेमका वाटेच्या मधोमध. 'लक्ष्मी काय ऑइलमध्ये पाय बुडवून येईल?' हे वाक्य मी पाच महिने ऐकलं होतं. त्या दिवशी सकाळी मी मोठ्या अभिमानानं रांगोळीचा डबा घेऊन बसले.

शेजारच्या काकू दुर्वा मागायला आल्या होत्या. फाटकातच थांबल्या. 'काय वं, हे पांढरं काय सांडलं इथं?'

काही सांडलं नव्हतं. तीस वर्षांच्या धुळीनं काळवंडलेल्या पोर्चमध्ये मी घासून काढलेला तेवढाच परातीएवढा तुकडा नव्या सिमेंटसारखा पांढुरका दिसत होता. आणि त्या पांढुरक्यावर माझी पांढरी पावलं उमटतच नव्हती. फाटकापासून तीन पावलं ठसठशीत, मग लक्ष्मी गायब, मग पायरीजवळ परत प्रकट. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

'पावलं दिसून नाही राहिली,' त्या म्हणाल्या, आणि आतून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्या तेवढ्या चार पावलांत त्यांनी स्वतः वाकून, बोटं भरभरून कुंकू घातलं.